अपराजित छापता ते ठीक, पण जोड कोणी लावली तेही छापा ना

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात ऑनलाइन सेंटर चालवतो, म्हणजे सातबारा, पीक विमा, ई-केवायसी, लाइटबिल हे सगळं, आणि तुमचा पेपर रोज माझ्या काउंटरवर असतो, खेळाचं पान आधी मी वाचतो मग गावाला मिळते. पत्र लिहायचं कारण असं की तुमच्या पानावर बॉक्सिंगची बातमी आली की नावापुढे एक आकडा असतो, २४-०, ३१-०, आणि वर मोठ्या अक्षरात "अपराजित". बस, झालं. ज्यांना मारून मारून तो अपराजित झाला ते कोण होते, कुठले होते, किती वयाचे होते, त्यांना कोणी शोधून आणलं, याच्यावर एक ओळ नाही. आणि त्या एका आकड्यावरून माझ्या दुकानात दर रविवारी भांडण होऊन राहिलं आहे.

तुम्ही म्हणाल खेड्यात बॉक्सिंग कोण पाहते. पाहतात साहेब. लास व्हेगासची शनिवारची रात्र म्हणजे आपली रविवारची सकाळ, आठ-साडेआठ-नऊ, ढोरं सोडून झालेली असतात, सेंटरवर गिऱ्हाईक नसते, आणि आमच्या गल्लीत फायबरचं कनेक्शन माझ्याकडेच आहे. मग येतात सगळे. एक एसटीत कंडक्टर आहे, एक झेडपी शाळेचे मास्तर, पोलीस भरतीची तयारी करणारी दोन-तीन पोरं, आणि आमचे पहिलवान काका. काकांनी सत्तरी ओलांडली, दोन्ही कान मोडलेले, बॉक्सिंगचे पॉइंट कसे मोजतात ते त्यांना आजवर समजलं नाही आणि समजून घ्यायचंही नाही, पण घंटा वाजायच्या आधी दोघं समोरासमोर आले की काका स्क्रीनकडे एकदा पाहतात आणि सांगून टाकतात, "जोड हाये" किंवा "जोड नाई", म्हणजे दोघं बरोबरीचे आहेत की नाहीत. आणि बहुतेक वेळा बरोबर निघते.

भांडणाचा मुख्य विषय अमेरिकेचा बॉक्सर मेवेदर. कंडक्टरचं ठरलेलं वाक्य आहे, "मेवेदर भेला." २००९ च्या शेवटी मेवेदर आणि फिलिपिन्सचा पॅकियाओ यांची मॅचसाठी बोलणी सुरू झाली होती, ती रक्ताच्या डोप टेस्टवरून फिसकटली, आणि मग मॅच झाली कधी तर २ मे २०१५ ला. मेवेदर ३८ वर्षांचा, पॅकियाओ ३६ चा, त्याचा खांदाही दुखावलेला. मला तो रविवार चांगला आठवतो कारण लग्नसराई होती, सकाळपासून ऊन तापलेलं, अर्धं गाव वरातीत आणि आम्ही पाच-सहा जण टीव्हीपुढे, बारा राउंड झाले तरी कोणी खाली पडलं नाही, आणि कंडक्टर उठून म्हणाला का याच्यापेक्षा पंगतीत बसलो असतो तं बरं झालं असतं.

मास्तर मेवेदरच्या बाजूचे. ते म्हणतात भेला कसा, थांबला म्हणून तर भाव आला. नुसत्या अमेरिकेत ४६ लाख घरांनी पैसे भरून ती मॅच पाहिली, ४० कोटी डॉलरच्या वर गल्ला जमला, पाच वर्षं आधी झाली असती तर एवढा झाला असता का? आणि दोन्हीकडचे लोक एकमेकांचं तोंड पाहत नव्हते हेही खरं आहे, मेवेदर आधी बॉब अरम या प्रमोटरच्या, म्हणजे मॅच भरवणाऱ्याच्या, टॉप रँक कंपनीकडेच होता, २००६ मध्ये साडेसात लाख डॉलर मोजून तो करार तोडून बाहेर पडला, पॅकियाओ त्याच अरमकडे, एकाचं चॅनल शोटाइम, दुसऱ्याचं एचबीओ. आता सांगा, दोन घरांचं जुनं वैर, मधातला माणूस तोच, अशी सोयरीक जुळायला पाच वर्षं लागणार नाहीत तर काय. माझं यावर म्हणणं असं की दोघंही अर्धे अर्धे खरे आहेत. आमच्याकडे शेतकरी भाव वाढेल म्हणून कापूस घरात भरून ठेवतो, कधी वाढते कधी नाही वाढत, पण घरात पडलेल्या कापसाचं वजन घटते, रंग पिवळा पडते आणि घरच्यांच्या अंगाला खाज सुटते ते वेगळंच. त्या मॅचचा भाव वाढला. कापूस मात्र पिवळा पडला होता.

मग मास्तर दुसरी यादी काढतात, दे ला होयाला हरवलं, कोट्टोला हरवलं, कॅनेलोला हरवलं. हो, हरवलं. पण कॅनेलोशी लढला तेव्हा, २०१३ ला, कॅनेलो २३ वर्षांचा पोरगा होता आणि त्याला १५२ पौंडांवर उतरवून आणला होता, त्याचं स्वतःचं वजन त्याच्यावरचं. आणि ५०-० मधला जो पन्नासावा आहे, २६ ऑगस्ट २०१७ चा, तो मॅकग्रेगर मूळचा एमएमएवाला, म्हणजे लाथा, ठोसे, कुस्ती सगळं चालते त्या खेळातला, आणि त्या दिवशी आयुष्यातली पहिलीच व्यावसायिक बॉक्सिंग मॅच खेळत होता. जुना हेवीवेट चॅम्पियन रॉकी मार्सियानोचा ४९-० चा आकडा १९५६ पासून तसाच होता, तो ओलांडला गेला तो पहिल्यांदा ग्लोव्ह घालून मोठ्या रिंगणात आलेल्या माणसावर. काकांना हे समजावून सांगितलं तर काका किती तरी वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, "म्हंजे पन्नासाव्याले पंचानं नारळ देऊन परत पाठवाले पायजे होतं."

इथे मला दंगलीचं सांगावं लागेल कारण तुमचे शहरातले वाचक विसरले असतील. आमच्याकडे महाशिवरात्रीच्या यात्रेत दंगल भरते. माती खणून, चाळून, पाणी मारून आखाडा करतात, डफडं वाजत असते, गावातली चार-पाच वयस्कर माणसं पंच. इनाम ५१ रुपयांपासून बोलायला सुरुवात होते. पोरगा लंगोटावर आखाड्यात हात वर करून फिरतो, ज्याला लढायचं तो पब्लिकमधून उठून येतो आणि हात मिळवतो. मग पंच दोघांना खांद्याला खांदा लावून उभं करतात, मांड्या पाहतात, दंड पाहतात, वय विचारतात, गेल्या साली कुठं लढला ते विचारतात. याला जोड लावणं म्हणतात. आणि हे सगळं हजार-दोन हजार लोकांसमोर. जोड बरोबर नसली की पब्लिक ओरडायला लागते, जोड नाई, जोड नाई, आणि पंचांनी ऐकलं नाही तर ढेकळं येतात. मी येताना पाहिली आहेत.

बॉक्सिंगमध्ये हेच काम मॅचमेकर करतो, फक्त बंद खोलीत. अमेरिकेत ब्रूस ट्रॅम्पलर नावाचा माणूस टॉप रँकसाठी वर्षानुवर्षं हेच करत आला, दे ला होयाच्या, मेवेदरच्या सुरुवातीच्या जोड्या त्यानं लावलेल्या, आणि त्याच्या कामाबद्दल तो हॉल ऑफ फेममध्ये आहे. म्हणजे हे काम काही चोरीचं नाही. उलट अवघड आहे. नवा पोरगा आला की त्याला आधी असा माणूस द्यायचा जो दोन राउंडात पडेल, मग असा जो पडणार नाही पण मारणारही नाही, मग डावखुरा, मग उंच, मग असा म्हातारा ज्याला सगळ्या खोड्या माहीत आहेत. गोऱ्ह्याला एकदम डवऱ्याला जुंपत नाही आपण, आधी रिकाम्या जुवाखाली चालवतो, तसंच. यात चूक काहीच नाही. चूक तिथे होते जिथे बैल सहा वर्षांचा झाला तरी रिकामं जू घेऊनच फिरतो आणि पेपर लिहितो का आजपर्यंत एकदाही थकला नाही.

हे मी कोणाला शिकवायला लिहीत नाही, माझ्या अंगावरून गेलेलं आहे म्हणून लिहितो. मी स्वतः अपराजित होतो साहेब. हसू नका. १९-२० वर्षांचा होतो, तीन हंगामांत सात कुस्त्या, सातही निकाली, ५१ रुपयांपासून ५०१ पर्यंत गेलो होतो, आजूबाजूच्या दोन-चार गावांत नाव झालं होतं, पोरी पाहतात असंही वाटायला लागलं होतं. पंच कमिटीत माझा सख्खा मामा. मामा दरवेळी माझ्यासाठी जोड आणायचा आणि मला वाटायचं मामाला माझ्याशी लढायला कोणी मिळतच नाही इतका मी भारी आहे. सहावी कुस्ती ज्याच्याशी झाली तो दिवसभर हरभरा सोंगून आला होता, हाताला फोड, डोळ्यांत झोप, इनाम २०१ म्हणून उभा राहिला बिचारा. दीड मिनिटात खाली. मला खांद्यावर घेऊन नाचले लोक. तो पोरगा माती झटकून परत गेला, सकाळी पुन्हा सोंगणीवर जायचं होतं त्याला.

आठवी कुस्ती दुसऱ्या गावात, जिथे मामाचं काही चालत नव्हतं. वाशीमकडचा एक पोरगा आला, माझ्यापेक्षा बारीक, पंचांनी खांद्याला खांदा लावला, म्हणाले बरोबर आहे. हात मिळवला आणि त्यानं एकेरी पट काढला एवढंच मला आठवते, नंतर आभाळ दिसलं. घरी येताना पहिलवान काका माझ्यासोबत बैलगाडीत होते. मी रडत होतो. काका म्हणाले, "रडतं कायले? तुले आजवर कोनी पाडलं नाई, काहून का तुह्या मामानं पाडनारा कोनी आनलाच नाई." मामा वारला, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही, बहिणीचा पोरगा म्हणून माया होती. पण त्या सात कुस्त्या माझ्या कधीच नव्हत्या, हे मला तेव्हापासून समजते.

म्हणून मला त्या दुसऱ्या बाजूच्या माणसांची आठवण येते ज्यांचं नाव पेपरात कधी येत नाही. इंग्लंडात बर्मिंगहॅमचा पीटर बकली म्हणून बॉक्सर होता. ३०० मॅच खेळला. जिंकला ३२, बरोबरी १२, हरला २५६. दोनशे छप्पन्न. वाचून आमची भरतीवाली पोरं हसली, तर मास्तर चिडले, म्हणाले हसता काय, हे त्याचं पोट होतं. आणि खरंच आहे. नव्या पोराला सोपी मॅच पाहिजे, चार-सहा राउंड उभं राहणारा, उगाच डोकं न फोडणारा, फोन केला की दोन दिवसांत येणारा माणूस पाहिजे. बकली यायचा. तिथल्या छोट्या हॉलमध्ये घरचा पोरगा आपल्या गावच्या लोकांना तिकिटं विकतो, त्या तिकिटांच्या पैशातून समोरच्याची मजुरी निघते, मग समोरचा जिंकला तर धंदा बसला की नाही? बकली २००८ मध्ये थांबला, शेवटची, तीनशेवी मॅच जिंकून थांबला. किती पोरांच्या नावापुढच्या आकड्यात तो एक-एक करून बसलेला असेल याचा विचार करा. त्या सगळ्या पोरांच्या बातम्या "अपराजित" म्हणूनच आल्या असतील.

आता अटींचं. नुसता माणूस निवडून भागत नाही, अटी पण निवडतात, आणि हे आमच्या कंडक्टरला पटतच नव्हतं जोवर मी त्याला १९८७ ची लिओनार्ड आणि हॅग्लरची मॅच दाखवली नाही. शुगर रे लिओनार्डनं त्याआधीच्या पाच वर्षांत एकच मॅच खेळली होती, आणि हॅग्लर मिडलवेटचा, म्हणजे मधल्या वजनगटाचा, राजा. लिओनार्डच्या माणसांनी काय मागून घेतलं, तर १५ ऐवजी १२ राउंड, मोठी रिंग, म्हणजे पळायला जागा, आणि १० औंसांचे जाड ग्लोव्ह. हॅग्लरनं या गोष्टी सोडल्या, बदल्यात पैसा जास्त घेतला. निकाल लागला तो स्प्लिट, तीनातल्या दोन जजनी लिओनार्डला दिला, त्यातल्या एकानं तर ११८-११० दिला, आणि हॅग्लर त्यानंतर पुन्हा कधीच रिंगमध्ये उतरला नाही. काकांचं मत, "अर्दी कुस्ती तं कागदावरच झाली." मला वाटते अर्ध्याहून जास्त.

आणि वजनाची अट तर आपल्या लोकांना लगेच समजेल अशी आहे. एप्रिल २०२३ ला जर्व्होंटा डेव्हिस आणि रायन गार्सिया हे दोन अमेरिकन बॉक्सर लढले. गार्सिया त्याआधी जास्त वजनात लढत होता. करारात लिहिलं १३६ पौंड, आणि वरून अजून एक, मॅचच्या दिवशी सकाळी पुन्हा वजन करायचं आणि ते १४६ च्या वर जायला नको. कारण बॉक्सर वजन द्यायच्या आधी अंगातलं पाणी काढतात, काटा झाला की रात्रीतून पुन्हा पाणी भरतात, दहा-पंधरा पौंड वाढवून उतरतात. मास्तर म्हणाले हे काय नवीन. सीसीआयच्या केंद्रावर कापूस घेऊन गेलं की ग्रेडर मीटर खुपसतो, ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, १२ च्या वर गेला की गाडी परत. गार्सियाच्या अंगातला ओलावा मोजला म्हणा ना. सातव्या राउंडला पोटावर ठोसा लागला आणि गार्सिया गुडघ्यावर बसला तो दहा मोजून होईपर्यंत उठला नाही. अट नसती तर काय झालं असतं ते देवाला माहीत, ठोसा जबरदस्त होता हेही तेवढंच खरं, पण बातमीत ठोसा येते आणि अट येत नाही.

काही लोक म्हणतील का मग पट्टे वाटणाऱ्या संघटना कशाला आहेत, त्यांनी बघावं. त्यांची गंमत वेगळीच. चार आहेत, डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ, प्रत्येकाचा पट्टा वेगळा, प्रत्येकाचा मँडेटरी म्हणजे सक्तीचा दावेदार वेगळा, आणि चॅम्पियन लढला की त्याच्या कमाईतून साधारण ३ टक्के संघटनेला. ज्याच्या लढतीत पैसा जास्त त्याच्याकडून टक्केवारी जास्त, मग त्याला नाराज कोण करणार. सक्ती आहे म्हणता म्हणता सुटायच्याही वाटा आहेत. हेवीवेट चॅम्पियन रिडिक बोवनं १९९२ ला लंडनमध्ये पत्रकारांसमोर डब्ल्यूबीसीचा पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला, पण सक्तीचा दावेदार लेनॉक्स लुईस याच्याशी लढला नाही, ज्या लुईसनं त्याला १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या फायनलला हाणलं होतं. दोघं व्यावसायिक म्हणून कधीच समोर आले नाहीत. चार वर्षांनी, १९९६ ला, तोच लुईस टायसनचा मँडेटरी होता, तर त्याला ४० लाख डॉलर देऊन बाजूला बसवलं आणि टायसन सेल्डनशी लढला, पहिल्या राउंडात संपलं. न लढायचे ४० लाख डॉलर! कंडक्टर म्हणते आपल्याला कोणी बाजूला बसायचे चारशे रुपये दिले तरी चालते.

अर्थात सगळेच असे नाहीत हे मी दर रविवारी सांगतो. युक्रेनचा उसिक पाहा. क्रूझरवेटचे, म्हणजे हेवीवेटच्या खालच्या वजनगटाचे, चारही पट्टे त्यानं दुसऱ्याच्या गावात जाऊन काढून आणले, पोलंडच्या ग्लोवात्स्कीला पोलंडमध्ये, लॅटव्हियाच्या ब्रिडिसला लॅटव्हियात, रशियाच्या गासिएव्हला थेट मॉस्कोत. मग वजन वाढवून हेवीवेटला आला आणि इंग्लंडच्या जोशुआला २०२१ ला लंडनमध्ये त्याच्याच लोकांसमोर हरवलं. कुठलाही मामा पंच नाही. आमचे काका फक्त एका बॉक्सरचं नाव नीट घेतात, ते म्हणजे उसिक. पण धंद्याची कमाल बघा, १८ मे २०२४ ला रियाधमध्ये फ्युरीला हरवून तो हेवीवेटच्या चारही पट्ट्यांचा मालक झाला, आम्ही रात्रभर जागून पाहिलं, आणि महिना-सव्वा महिन्यात आयबीएफचा पट्टा सोडून द्यावा लागला कारण फ्युरीशी रिमॅच आधीच करारात होती आणि आयबीएफला त्यांचा दावेदार पाहिजे होता. न हरता पट्टा गेला. तो त्यानं जुलै २०२५ ला वेम्बलीत डुबॉइसला पाचव्या राउंडात झोपवून परत आणला ही गोष्ट वेगळी. म्हणून मी कंडक्टरला म्हणतो का प्रत्येक वेळी "भेला" म्हणू नको, कधी माणूस भेतो, कधी त्याचा प्रमोटर भेतो, कधी चॅनल अडते, कधी नुसती तारीख अडते. कोण अडलं ते समजल्याशिवाय शिवी कोणाला द्यायची हेच ठरत नाही.

आपल्या विजेंदरचंही तसंच झालं. बीजिंग ऑलिंपिकचं ब्राँझ, मग २०१५ ला मँचेस्टरला व्यावसायिक झाला, दिल्लीत लढला, मुंबईत वरळीला २०१७ च्या ऑगस्टमध्ये चीनच्या मैमैतियालीला हरवलं तेव्हा आमच्या गावात फटाके फुटले, डोकलामला चीनशी तणाव चालू होता ते दिवस होते. बारा मॅच, बाराही जिंकल्या, सगळ्या पेपरांनी अपराजित अपराजित छापलं. मग मार्च २०२१ ला गोव्यात कॅसिनोच्या जहाजाच्या छतावर रशियाचा लोपसान आला, उंचच उंच, वयानं लहान, आणि विजेंदर ३५ चा, सव्वा वर्षाहून जास्त मॅच नाही. पाचव्या राउंडात संपलं. लोकांना असा धक्का बसला जसं काही आभाळ फाटलं. मला नाही बसला. मला बैलगाडी आठवली. विजेंदरला मी कमी लेखत नाही, त्याच्यामुळेच आमच्याकडे लोकं बॉक्सिंग पाहायला लागले, पण आधीचे बारा कोण होते ते जर आम्हाला कोणी नीट सांगितलं असतं तर तेराव्याला एवढं रडलो नसतो.

मास्तर म्हणतात याच्यापेक्षा ऑलिंपिकवाली बॉक्सिंग बरी, चिठ्ठी निघेल त्याच्याशी लढा. नागपूरची अल्फिया पठाण २०२१ ला पोलंडमध्ये युवा जागतिक स्पर्धेत सोनं घेऊन आली, तिथे तिला कोणी निवडून जोड दिली नाही, समोर आली तिला हरवलं. हे मान्य. पण निवडीचा घोळ तिथेही असते. २०१९ ला ऑलिंपिक पात्रतेसाठी ट्रायल न घेता मेरी कोमला पाठवायचं चाललं होतं, तेव्हा निखत झरीननं क्रीडामंत्र्यांना पत्र लिहिलं का ट्रायल घ्या. डिसेंबरमध्ये दिल्लीत ट्रायल झाली, मेरी ९-१ नं जिंकली. निखत हरली, पण सगळ्यांसमोर हात मिळवायला उभी तर राहिली, आणि २०२२ ला इस्तंबूलमध्ये जगज्जेती झाली, २०२३ ला पुन्हा. मला त्या पोरीचं पत्र फार आवडलं होतं. आज मी हे पत्र लिहितोय त्यात थोडा हात तिचाही आहे असं समजा.

तर मागणी एवढीच. मोठ्या मॅचच्या बातमीत आकड्याच्या बाजूला चार ओळींची एक चौकट द्या. समोरचा कोण, त्याचं वय किती, त्याच्या शेवटच्या पाच मॅचचं काय झालं, किती महिन्यांनी उतरतोय. वजन कितीवर ठरलं आणि कोणाचं नेहमीचं वजन काय. खरा दावेदार दुसराच कोणी होता का, आणि तो कुठे गेला. मॅच कोणी भरवली आणि दोघांपैकी घरचा कोण. माहिती सगळी मिळते, मीच सेंटरवर बसून दहा मिनिटांत काढतो, तुमच्याकडे तर माणसं आहेत.

उदाहरण म्हणून माझीच चौकट करून देतो. तुमच्या पद्धतीनं: अपराजित, ७-०, सातही चितपट. काकांच्या पद्धतीनं: सातपैकी तिघं वजनानं कमी, दोघं पहिल्यांदा आखाड्यात, एक हरभरा सोंगून आलेला, एकाला ताप होता हे नंतर समजलं, पंच, सख्खा मामा.

पत्र लांबलं आहे, माहीत आहे. जागा कमी असेल तर माझ्या कुस्त्यांचं सगळं कापा, चालते. पीटर बकलीचं तेवढं कापू नका.

आपला,
एक रोजचा वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ